मागितलेलं लेकरू

"आई!"

शब्द असा खणखणीत उमटला की पोईचा, उकडून कुटलेल्या अळकुड्यांच्या लापशीचा, चमचा लेकराच्या तोंडाशी नेता नेता पुआनानीचा हात तसाच थांबला. दीड वर्षाची झाली तरी हुंकारापलीकडे जिच्या तोंडून काही फुटलं नव्हतं, ती कडेवरची हिइलेई आपली चिकट बोटं पुआच्या गालावर ठेवून तिच्याकडे डोळे भरून पाहत होती... आणि पुन्हा म्हणाली, "आई! आई!"

आणि नेमक्या त्याच क्षणी जाळीच्या दारात नोहेआ उभी होती!

नोहेआ म्हणजे पुआची पाठची बहीण, आणि हिइलेईची, घरातल्या लाडक्या लेईची, जन्मदाती. आज कोर्टाची तारीख म्हणून तिनं केस घट्ट बांधले होते, ती राहायची त्या व्यसनमुक्तीच्या निवासातल्या बायकांनी इस्त्री करून दिलेला निळा झगा घातला होता, आणि लेईला आवडतात म्हणून वाटेतल्या झाडाचे दोन पिवळे पेरू हातात आणले होते. ते पेरू तिनं हळूच टेबलावर ठेवले.

पुआला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. 'अगं वेडे, आई ती... मी मावशी!' बस्स, एवढंच! जिभेच्या टोकावर आलं होतं ते. पण कडेवरचं ते ऊबदार ओझं, मानेत खुपसलेलं ते नाक, आणि बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा घ्यावीशी वाटलेली ती हाक... मांजर डोळे मिटून दूध पितं तशी ती बाई ती हाक प्यायली, आणि गप्प राहिली.

"बोलली की ग ताई!" नोहेआ म्हणाली. हसलीसुद्धा.

"हं... आत्ताच. पहिल्यांदाच."

"ऐकलं मी," नोहेआ म्हणाली, आणि पोरीला घ्यायला पुढे केलेले हात तिनं झग्यालाच पुसले. "चल, निघू या. उशीर नको."

आता कुणी म्हणेल, एवढ्याशा पोराच्या एवढ्याशा शब्दाचं काय घेऊन बसलात! पण त्या एका शब्दाची वाट या घरात सगळ्यांनी पाहिली होती. कारण ही पोर मुकी का झाली, ते दोघी बहिणींना पक्कं ठाऊक होतं. चार महिन्यांची असताना एका रात्री ती इतकी रडली होती, इतकी की शेवटी घशातून आवाजच निघेना. आणि शेजारच्या खोलीत नोहेआ नशेच्या पांढऱ्या खड्यांच्या धुंदीत मेल्यासारखी पडली होती. लोक त्याला बर्फ म्हणतात, जसं काही सरबतातच घालायचं आहे! लेईचा बाप तर त्याआधीच परागंदा. शेजाऱ्यांनी पोलिस बोलावले, पोलिसांनी पोर उचललं, आणि कोर्टानं ते थोरल्या बहिणीच्या ओटीत घातलं.

आणि ओटी तर रिकामीच होती पुआची! आई गेली तेव्हा नोहेआ तीन वर्षांची, आणि पुआ ऐन तारुण्यात. बहिणीला वाढवायची म्हणून तिनं लग्न लांबवलं, शाळेच्या स्वयंपाकघरात मोठमोठी भांडी उपसली. पुढे उशिरानं संसार मांडला, तर दोनदा कूस उजवता उजवता रिकामी झाली, आणि नवरा नशीब काढायला म्हणून समुद्रापार गेला तो गेलाच. दैव देतं नि कर्म नेतं म्हणतात... तिच्या दैवानं तर देतानाही हात आखडताच घेतला होता.

कोर्ट म्हटलं की माणसाला उंच खुर्ची नि काळा डगला आठवतो. पण बेटावरच्या हिलो गावातलं तान्ह्या लेकरांच्या खटल्यांचं हे कोर्ट निराळं. इथं ओकामुरा जजबाई उंचावर बसत नाहीत, सगळ्यांबरोबर एकाच टेबलाला बसतात. खाली सतरंजीवर लाकडी होड्या नि चेंडू पसरलेले असतात. आणि दर महिन्याला बोलावून आईला 'काय केलंस' असं न विचारता त्या पहिला प्रश्न ठरलेला विचारतात: 'या महिन्यात बाळ नवीन काय शिकलं?' उत्तर आईनंच द्यायचं. सांभाळणारीनं तोंड उघडायचं नाही. कारण ज्या आईला आपल्या लेकराचं नवं काय ते ठाऊक आहे, ती अजून आई आहे, असा त्या बाईंचा हिशेब.

आणि नोहेआला दर महिन्याला ठाऊक असायचं! उलट्या होऊन, थरथरून, भिंतीवर डोकं आपटून तिनं ते विष सोडलं होतं. रोज दोन बस बदलून ती पुआच्या घरी यायची, लेकराला न्हाऊमाखू घालायची, आणि महिना संपला की शाळेत कविता म्हणावी तशी कोर्टात सांगायची. दात आला! टाळ्या वाजवते! धरून उभी राहते! आज तर पोर तिच्या हवाली व्हायचं होतं. निवासातल्या खोलीत पाळणासुद्धा लागला होता.

"बोल नोहेआ," जजबाई हसून म्हणाल्या, "आपली लेई नवीन काय शिकली?"

"बोलायला शिकली."

"काय सांगतेस!" कोर्टाची मदतनीस डेल्फिना खुर्चीतून अर्धी उठलीच. वर्षभर हीच बाई नोहेआला कधी रागे भरून, कधी भात भरवून उभी करत आली होती. "काय म्हणाली ग, काय म्हणाली?"

"आई म्हणाली."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डेल्फिनानं तर डोळ्याला पदर लावावा तशी बाहीच लावली. आणि त्या टाळ्या विरायच्या आत नोहेआ शांतपणे म्हणाली, "मला नाही. ताईला म्हणाली."

पुआच्या मांडीवर लेई लाकडी होडी चावत बसली होती.

"मला लेई ताईला हानाई द्यायची आहे," नोहेआ म्हणाली. "आजच. सही कुठे करायची ते सांगा."

जजबाईंनी चष्मा काढून ठेवला. "हे बघ, मी इथलीच आहे. हानाई मला शिकवू नकोस. माझ्या गल्लीत प्रत्येक घरातलं एक तरी मूल आजीच्या नाहीतर मावशीच्या पदरात दिलेलं असायचं. पण त्यात देणारी आई आईच राहायची. उठता बसता यायची, भांडायची, जेवायची. माझ्याकडच्या कागदाला तेवढा मोठेपणा नाही ग पोरी! त्याच्यावर सही झाली की परतीची वाट जवळजवळ बुजतेच. आज तुझ्या हातात बाळ द्यायला आम्ही जमलोय... आणि तू हे काय बोलतेस?"

"तिनं मागितली होती," नोहेआ म्हणाली. आता तिचा आवाज फाटला. "पोटात होती तेव्हाच ताईनं तोंड उघडून मागितली होती, आणि मी नाही म्हटलं! थोरल्या माणसानं मूल मागितलं तर नाही म्हणू नये आमच्यात. म्हटलं तर ते मूल सुकतं. आणि सुकलंच ना! माझ्याच हातून सुकलं! मी नाही म्हटलं नसतं तर ती रात्र आलीच नसती, बाई... माझ्या लेकराचा आवाज गेला नसता..."

पुआला आठवलं! मासळी तळता तळता, अर्धं थट्टेत नि अर्धं... छे, थट्टा कसली! जन्माची भूक एकवटून ती म्हणाली होती, 'हे मला दे ग.' आणि जन्मभर ताईचंच उष्टं खाल्लेली, ताईचेच जुने कपडे घातलेली ती पोर पोटावर हात ठेवून खुदकन हसली होती: 'अंहं! हे माझं!' आयुष्यात पहिल्यांदा कशाला तरी ती 'माझं' म्हणाली होती. आणि तेच आज ती स्वतःच्या हातानं काढून देत होती.

"पुआनानी, तुमचं काय म्हणणं?" जजबाईंनी विचारलं.

आता! आता तरी बोलायचं होतं! पण पुआचे हात लेईभोवती आपोआप आवळले गेले. माणसाचं मन किती कृपण असतं, ते त्या क्षणी तिचं तिलाच कळलं. ती म्हणाली, "तिची इच्छा असेल तर... मी काय म्हणणार?"

जजबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "सहीची घाई नाही. जेवणानंतर पुन्हा बसू."

बाहेरच्या व्हरांड्यात नोहेआनं वाकून लेईच्या तळपायाची पापी घेतली. वर पाहिलं नाही, तोंड पाहिलं नाही. फक्त तो इवलासा तळपाय ओठांना लावला, आणि मागे वळून न बघता जिना उतरून गेली.

"झालं की तुमच्या मनासारखं, बाई," डेल्फिना पुआजवळ येऊन म्हणाली. तिची जीभ म्हणजे विळी! "बाळ मिळालं. आता बहिणीला शेवटचं डोळे भरून बघून घ्या."

"असं अभद्र का बोलतेस?"

"मग काय गोड बोलू? जिच्यासाठी तिनं ते विष सोडलं, तिलाच देऊन टाकलंन. आता कुणासाठी सोडून राहील, तुमच्यासाठी? माझ्या डोळ्यांदेखत अशा किती गेल्या, विचारू नका."

पुआला पुढचं ऐकू आलं नाही. लेईला कडेवर मारून ती जिना उतरली... धावत सुटली! जाड अंगाची, गुडघे दुखणारी ती बाई वडांच्या सावलीतून, भाजीबाजाराच्या गर्दीतून 'नोहेआ! नोहेआ!' करत पळत होती, चपलेचा पट्टा तुटला तो तिथेच टाकून पळत होती, आणि लेईला वाटलं मावशी खेळतेय, ती खिदळत होती. किती उशीर झाला असेल? कुणीकडे वळली असेल? 'देवा, पोर नको मला, काही नको... तेवढी ती सापडू दे!' असं ती मोठ्यानं बोलतेय हेही तिला कळत नव्हतं.

खाडीकडच्या बसथांब्यावर नोहेआ बसली होती. हात मांडीखाली दाबून, पाय हलवत.

"कुठं निघालीस?" पुआला दम लागला होता.

"कुठं नाही."

"इथून पुनाच्या रानाकडची बस सुटते. तिथं तुला ते खडे कोण देतं ते मला ठाऊक नाही वाटतं?"

"ठाऊक आहे तर विचारतेस कशाला?" नोहेआ उसळली. "मिळालं ना तुला? घेऊन जा की घरी! का पोचवायलाही मीच येऊ?"

"नको मला. मी माझं मागणं परत घेते."

"तोंडदेखलं नको, ताई."

"तोंडदेखलं?" पुआ मटकन तिच्या शेजारी बसली. "मग खरं ऐक. त्या रात्री मला पोलिसांचा फोन आला ना... तू जिवंत आहेस की मेलीस हे विचारायच्या आधी माझ्या मनात काय आलं, सांगू? पोर माझी झाली! असं आलं. पापणी लवेपर्यंतच, पण आनंद झाला मला, नोहेआ! सख्ख्या बहिणीच्या सत्यानाशाचा आनंद! वर्षभर तो काटा उरात घेऊन तुला जेवायला वाढतेय मी. पोर सुकली ती तुझ्या नकारानं नाही ग... माझी नजर लागली तिला, माझी!"

नोहेआ रडेल असं पुआला वाटलं होतं. ती रडली नाही. दात आवळून म्हणाली, "आणि मला? मला कधी 'माझी' म्हणालीस?"

"काय?"

"मी तुला आई म्हणायची. आठवतं? तीन वर्षांची होते, चार वर्षांची होते. आणि दर वेळी तू... 'आई नाही, ताई म्हण.' न्हाऊ घालताना, घास भरवताना... तापानं फणफणले होते तेव्हासुद्धा! किती वेळा हाक मारली आणि किती वेळा तू ती परत केलीस! मला वाटायचं, मी चांगली नाही म्हणून घेत नाही ही. आणि आज तिनं म्हटलं तर गप्प राहिलीस? मी दारात उभी राहून तेवढंच पाहिलं, ताई. ती काय म्हणाली त्याचं नाही वाटलं... तू काय बोलली नाहीस, त्याचं!"

पुआनं लेईला छातीशी धरलं. जिच्यासाठी ऐन तारुण्य जाळलं, तिच्या काळजात आपणच हा व्रण केला, आणि इतक्या वर्षांत आपल्या गावीही नाही!

"अगं, आईची जागा होती ती!" ती हुंदक्यातून म्हणाली. "आईला जाऊन वर्षही नव्हतं झालं. तू मला आई म्हटलंस की वाटायचं, ती दुसऱ्यांदा मरतेय. तिला पुसायची नव्हती मला... तुला दूर नव्हतं ग लोटलं! रात्र रात्र तुझ्या उशाशी बसून मनातल्या मनात 'माझी, माझी' म्हणायची मी. आणि बघ ना माझी कर्मदशा... मेलेल्या आईची जागा राखली, नि जिवंत आईची जागा बळकवायला निघाले!"

बस आली. दार उघडलं. चालकानं वाकून पाहिलं. एक म्हातारी पाट्या घेऊन चढली. नोहेआ उठली आणि पायरीशी जाऊन दांड्याला धरून उभी राहिली. ना वर चढे, ना मागे फिरे.

तेव्हा पुआ त्या बसच्या दारात, भर रस्त्यात, एका पायात चप्पल नि एक पाय अनवाणी अशी उभी राहिली. मागणं तोंड उघडून केलं होतं. परत घ्यायचं तर तेही तोंड उघडूनच, चार माणसांच्या देखत घ्यायला हवं, हे तिला वाडवडलांकडून ठाऊक होतं. सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली, "ऐका हो! ही माझी बहीण. हिचं हे मूल मी मागितलं होतं. ते मागणं मी परत घेते! मूल हिचं आहे. माझा शब्द आता या मुलावर नाही, माझी नजर नाही, माझा हक्क नाही!"

बसमध्ये चिडीचूप झालं. पाटीवाली म्हातारी पुटपुटली, "ऐकलं ग बाई."

"मीही ऐकलं," चालक म्हणाला, आणि नोहेआकडे वळून विचारलं, "आता तू चढतेस की मी दार लावू?"

नोहेआचा हात दांड्यावरून सुटला. एकेक बोट सुटावं तसा सुटला. बस निघून गेली, आणि दोघी बहिणी रस्त्याच्या कडेला एकमेकींच्या गळ्यात पडून अशा रडल्या की मध्ये सापडलेली लेई घाबरून स्वतःच भोकाड पसरून बसली.

दुपारी जजबाईंनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. नोहेआनं नाक ओढत सांगितलं, "बोलायला शिकली. पण चुकीचं बोलते. आता मी शिकवीन." पुआनं मान हलवली. जजबाईंनी कागद ओढला, सही केली आणि म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात दोघीही या. मावशीशिवाय येऊ नकोस."

पण सही सोपी असते हो! कोर्टाच्या अंगणात डेल्फिनाची गाडी उभी होती, आणि पुआच्या कडेवरून लेईला सोडवणं म्हणजे कातडी सोडवणं होतं. पोरीनं पुआच्या केसांची बट मुठीत धरली. नोहेआनं घेताच ती धनुष्यासारखी मागे वाकली, लालबुंद झाली, आणि दोन्ही हात पसरून किंचाळली, "आई! आई! आई!"

एक पाऊल पुढे टाकलं असतं तर... पण पुआनं हात पाठीमागे घट्ट बांधले. आणि वीस वर्षांपूर्वी ज्या आवाजात म्हणायची, त्याच आवाजात म्हणाली, "आई नाही, राणी... मावशी. मावशी म्हण. आई ती बघ. ती बघ तुझी आई!"

पोर कुठली ऐकायला! ती रडतच राहिली. नोहेआनं तिला कडेवर घेतलं, ताईनंच शिकवलेल्या झोक्यानं कमरेतून डोलत राहिली, कानाशी काहीबाही पुटपुटत राहिली. बऱ्याच वेळानं ते किंचाळणं हुंदक्यांवर आलं, आणि दमलेलं डोकं नोहेआच्या खांद्यावर टेकलं. तोवर पुआ तिथून हलली नाही. तिच्या खांद्यावर सकाळची पोई वाळून पांढरी झाली होती.

नोहेआ गाडीत बसायला वाकली, आणि थांबली. वळून बहिणीकडे पाहत अगदी हळू, दचकत, चार वर्षांच्या पोरीसारखी म्हणाली,

"येते, आई."

सवयीनं पुआचे ओठ हलले. 'आई नाही...' इतकं तोंडात आलंही. मग तिनं ते गिळलं.

"ये," ती म्हणाली.